नर की मादी? बदामी घरी आली त्या वर्षाची हकिगत

कुत्रं पाळायचं ठरलं ते २०२३च्या दिवाळीत. विकत आणायचं नाही, देशी पिल्लू दत्तक घ्यायचं, यावर घरात फार चर्चा झाली नाही. अडलो ते पुढच्या प्रश्नावर: नर की मादी? ज्याला विचारावं तो म्हणायचा, "नरच आणा." का, तर मादी म्हणजे पिल्लांचं लचांड आणि घरभर रक्ताचे डाग. ही कारणं खोटी नाहीत. पण त्यांवर उपाय आहे, आणि नराचेही प्रश्न असतात, हे मात्र कुणी सांगत नव्हतं. तेव्हा मी जे शोधत होते ते एका जागी कुठे सापडलं नाही, म्हणून सगळं पार पडल्यावर तारखा आणि खर्चासकट लिहितेय.

घरात आम्ही चौघं: मी, नवरा, सातवीतला मुलगा आणि सासूबाई. पुण्यात धायरीला तिसऱ्या मजल्यावर राहतो. सासूबाई सातारा जिल्ह्यातल्या, माहेरी-सासरी दोन्हीकडे शेती. शेतावर कुत्रा कायम असायचा, कुत्री कधीच नाही. त्यांच्या गावी कुत्री व्याली की नर पिल्लं वस्तीच्या राखणीला लोक मागून न्यायचे आणि मादी पिल्लं पोत्यात घालून ओढ्यापलीकडे सोडून यायचे. "भादवा आला की एका कुत्रीमागं दहा-दहा कुत्रे. रात्रभर झोपू द्यायचे नाहीत. मग पोटुशी, मग पुन्हा पाच-सहा पिल्लं. कोण ठेवून घेणार?" असं त्या सांगायच्या. सांगताना त्यांचा आवाज खाली यायचा. नसबंदी हा शब्दही जिथे पोचला नव्हता, तिथे ती पोती सोडून येणाऱ्यांना तरी काय म्हणायचं? पण शहरात, दवाखाना दहा मिनिटांवर असताना, आम्ही तेच कारण पुढे करत होतो हे मला खटकत होतं.

डिसेंबरमध्ये मी जवळच्या पशुवैद्यांकडे गेले, कुत्रं न घेताच. सल्ल्याचे पाचशे रुपये झाले. माझं आग्रहाचं सांगणं आहे की पिल्लू आणण्याआधी हे पाचशे रुपये खर्च कराच. डॉक्टरांनी अर्धा तास दिला. त्यातलं मला आठवतं ते असं.

मादी साधारण सहा ते बारा महिन्यांची झाली की पहिल्यांदा माजावर येते, म्हणजे ज्याला सगळे 'हीट' म्हणतात. एकूण प्रकार दोन ते तीन आठवड्यांचा. बहुतेक जातींत तो सहा-सात महिन्यांनी पुन्हा होतो. बऱ्याच देशी कुत्र्या मात्र वर्षातून एकदाच माजावर येतात, पावसाळ्याच्या अखेरीस. म्हणूनच रस्त्यावरची पिल्लं थंडीत दिसतात. गाभण राहिली तर साधारण ६३ दिवसांनी विते. नसबंदी केली नाही तर वय वाढेल तसा गर्भाशयात पू होण्याचा धोका, आणि स्तनांत गाठी होण्याचा. पहिल्या माजाआधी शस्त्रक्रिया झाली तर गाठींचा धोका खूपच कमी होतो.

नराला पाळी-माज काही नाही, पण तो वर्षभर तयार असतो. आसपास कुठे मादी माजावर आली की वास त्याच्यापर्यंत पोचतो. मग जेवण सोडणं, दारं ओरबाडणं, पट्टा तोडून पळणं. वयात आला की तंगडी वर करून जागोजागी मुतणं सुरू होतं, आणि ते काही वेळा सोफ्याच्या पायावरही होतं. म्हातारपणी प्रोस्टेट वाढतं, वृषणांत गाठी होऊ शकतात. नसबंदीने यातलं बरंचसं टळतं. त्याची शस्त्रक्रिया सोपी, कारण पोट उघडावं लागत नाही. म्हणून खर्चही कमी.

एक गोष्ट त्यांनी मुद्दाम सांगितली, ती नर घेणाऱ्यांसाठी: पिल्लाचे दोन्ही वृषण खाली उतरलेत का ते डॉक्टरांकडून तपासून घ्या. दोन महिन्यांपर्यंत ते सहसा उतरतात. सहा महिन्यांनंतरही एखादा पोटातच राहिला असेल तर पुढे त्यात कर्करोग होण्याची शक्यता वाढते आणि तो शस्त्रक्रियेने काढावा लागतो.

स्वभावाचं विचारलं. "नर दांडगा, मादी मायाळू असं असतं का?" डॉक्टर म्हणाले, "ताई, टेबलावर मला चावलेल्यांत दोन्ही आहेत. आई कशी होती, पहिले दोन-तीन महिने पिल्लाला माणसांची सवय कशी लागली, त्यावर जास्त अवलंबून असतं." घरात आधीच एक कुत्रं असेल तर मात्र दुसरं विरुद्ध लिंगाचं घ्या, असं त्यांचं मत. दोन माद्यांचं एकदा बिनसलं की जुळवणं फार कठीण जातं.

डिसेंबरमध्येच ओळखीतल्या दोन घरी जाऊन आलो. एकांकडे पाच वर्षांचा लॅब्रॅडॉर, नसबंदी न केलेला. अतिशय गोड कुत्रा. पण त्याच्याबरोबर फिरायला निघालं की प्रत्येक खांबाशी, प्रत्येक दुचाकीच्या चाकाशी थांबा. अर्ध्या तासाची फेरी पाऊण तासाची होते, आणि दुचाकीवाल्यांशी रोज वाद. दुसरीकडे नऊ वर्षांची पॉमेरेनियन. आदल्या वर्षी ती अचानक पाणी खूप पिऊ लागली, सारखी लघवी, जेवण बंद, सुस्त. माज होऊन महिना झाला होता. सोनोग्राफीत गर्भाशय पुवाने भरलेलं निघालं आणि त्याच रात्री शस्त्रक्रिया करावी लागली. वाचली. त्या बाई सांगत होत्या, "लहानपणीच करून घेतलं असतं तर ही वेळच आली नसती तिच्यावर." मादी पाळणाऱ्या प्रत्येकाने ही लक्षणं पाठ करावीत. माजानंतर महिना-दोन महिन्यांत ती दिसली तर उद्याची वाट पाहू नये.

या दोन भेटींनंतर आमचं ठरलं: नर असो वा मादी, नसबंदी होणार हे आधीच धरून चालायचं, आणि मग पिल्लाचा स्वभाव बघून निवडायचं. नवऱ्याचा कल तरीही नराकडे होता. त्याने तो लपवला नाही, मीही वाद घातला नाही.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात हडपसरच्या एका ताईंचा नंबर मिळाला. त्या रस्त्यावरची पिल्लं घरी आणून सांभाळतात आणि चांगली घरं शोधतात. त्यांच्याकडे नोव्हेंबरअखेरीस जन्मलेली पिल्लं होती. आधी फॉर्म भरून दिला: घर स्वतःचं की भाड्याचं, दिवसभर घरी कोण असतं, याआधी पाळलं होतं का, गावी जाताना कुठे ठेवणार. सोबत आधार कार्डाची प्रत आणि वयात आल्यावर नसबंदी करू असं लेखी हमीपत्र. मग त्या घर बघायला आल्या. गॅलरीच्या ग्रिलच्या गजांमधून पिल्लू निसटेल का ते त्यांनी हाताने मापून पाहिलं आणि खाली जाळी लावायला सांगितली. जाळीला बाराशे रुपये लागले. ही चौकशी काहींना अपमानास्पद वाटते. मला उलट धीर आला. एवढं विचारणारी बाई पिल्लाबद्दल आपल्याशी खोटं बोलणार नाही असं वाटलं.

आम्ही बघायला गेलो तेव्हा तीन पिल्लं उरली होती, एक नर आणि दोन माद्या. फोनवर लोकांचा पहिला प्रश्न "मेल आहे का?" हाच असतो, आणि माद्या शेवटपर्यंत राहतात, असं ताई म्हणाल्या. नर पांढरा-काळा, अंगापिंडाने भरलेला, मुलाच्या बुटाची नाडी धरून ओढणारा. नवरा त्याच्यावर खूश. तेवढ्यात स्वयंपाकघरात स्टीलचं झाकण पडलं. तिन्ही पिल्लं दचकली. नर पलंगाखाली गेला तो बराच वेळ बाहेरच आला नाही. एक मादी कोपऱ्यात थरथरत उभी. तिसरी, बदामी रंगाची, दोन पावलं मागे सरली, कान टवकारून उभी राहिली, आणि मग हळूहळू पुढे येऊन तिने त्या झाकणाचा वास घेतला, चाटून पाहिलं, आणि त्यावरच बसली. ताई म्हणाल्या, "पिल्लू घाबरतं की नाही हे बघू नका, घाबरल्यावर किती लवकर सावरतं ते बघा." आमच्या घराखाली रहदारीचा रस्ता, गणपतीत ढोल, दिवाळीत फटाके. नवरा स्वतःच म्हणाला, "हीच."

२६ जानेवारीला सुट्टी होती, त्या दिवशी तिला आणलं. नाव बदामीच ठेवलं. सासूबाई दाराशी भाकरीचा तुकडा घेऊन उभ्या होत्या. "कुत्रीच आणलीत ना शेवटी," एवढंच म्हणाल्या आणि तो तुकडा त्यांनी तिच्यावरून ओवाळून टाकला.

पहिले दोन महिने लशींचे. सहा-सात आठवड्यांची असताना पहिली लस ताईंनीच दिली होती. पुढच्या दोन तीन-चार आठवड्यांच्या अंतराने झाल्या आणि तीन महिन्यांनंतर रेबीजची. दर वेळी सातशे ते हजार रुपये, जंताचं औषध वेगळं. लशी पूर्ण होईपर्यंत रस्त्यावर पाय टेकू दिला नाही, कारण पार्वो आणि डिस्टेंपर हे पिल्लांचे जीवघेणे रोग जमिनीवरून, दुसऱ्या कुत्र्यांकडून येतात. पण कडेवर घेऊन रोज खाली नेलं, रिक्षा-बस-शाळेची गर्दी सगळं दाखवलं. हे दिवस पुन्हा येत नाहीत, त्यामुळे ते घरात कोंडून घालवू नयेत.

रेबीजचं प्रमाणपत्र हातात आल्यावर महानगरपालिकेचा परवाना काढला. पत्त्याचा पुरावा, मिळकतकराची पावती, लसीकरणाचं प्रमाणपत्र आणि कुत्र्याचा फोटो लागला. फी शंभर रुपयांच्या आत. बरेच जण परवाना काढतच नाहीत, काढावा. उद्या कुणी तक्रार केली तर हातात कागद असतो.

तक्रार झालीच, सोसायटीच्या बैठकीत. "मादी आहे, खाली भटके कुत्रे जमतील." भारतीय पशुकल्याण मंडळाची २०१५ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, त्यांनुसार सोसायटीला बहुमतानेही कुत्रा पाळायला बंदी घालता येत नाही. ती छापून नेली होती, पण आधी ती काढली नाही. परवाना, लशीचं कार्ड आणि जूनमध्ये नसबंदी करणार असल्याचं पत्र दिलं. विषय तिथेच मिटला. नियम खिशात असू द्यावा, पण शेजाऱ्यांची भीती खरी असते आणि तिला उत्तर द्यायला हवं.

जून मात्र हुकला. मे महिन्यात बदामीला गोचीडताप झाला. रक्तातल्या प्लेटलेट इतक्या उतरल्या की शस्त्रक्रियेत रक्त थांबलंच नसतं. चार आठवडे गोळ्या, दर काही दिवसांनी रक्ततपासणी, सगळं मिळून सहा-सात हजार. जुलैतही आकडे पुरेसे वर आले नव्हते. ऑगस्टअखेरीस बघू म्हणाले. मला रोज कॅलेंडरची धास्ती होती.

२०२४ची गणेश चतुर्थी ७ सप्टेंबरला होती. ५ तारखेला सकाळी फरशीवर रक्ताचा थेंब दिसला. मी डॉक्टरांना फोन करण्याआधीच सासूबाई म्हणाल्या, "भादवा लागलाय. मी म्हटलंच होतं."

हे तीन आठवडे कसे काढले ते सविस्तर लिहिते, कारण याच्याच भीतीने लोक मादी नको म्हणतात. रक्त फार नसतं. देशी कुत्री स्वतःला चाटून बरीच स्वच्छ ठेवते. बाजारात कुत्र्यांच्या धुता येणाऱ्या चड्ड्या मिळतात, शेपटीला भोक असलेल्या. चारशेची एक, दोन घेतल्या. आत ठेवायला सासूबाईंनी जुन्या सुती साडीच्या घड्या कापल्या, दिवसातून तीन-चारदा बदलायच्या. रात्री चड्डी काढून ठेवायची, नाहीतर कातडी लाल होते. तिच्या अंथरुणावर जुनी चादर. घरात गणपती बसले होते, तेव्हा तिला वेगळं बांधावं का असा प्रश्न मी विचारला. सासूबाई म्हणाल्या, "तिची जागा हाय तिथंच राहू दे. जनावराला कसला आलाय विटाळ?" त्या काही क्षण थांबल्या, मग म्हणाल्या, "आणि माणसाला तरी." या वाक्यासाठी मी त्यांची कायम ऋणी आहे.

बाहेरचं अवघड असतं. फिरायची वेळ बदलली: पहाटे साडेपाच आणि रात्री अकरा. गळ्यात पट्टा आणि अंगात हार्नेस, दोन्हींना दोर, कारण एक निसटला तर दुसरा हवा. लांब फेऱ्या बंद, मोकळं सोडणं पूर्ण बंद. लघवी केली त्या जागी बादलीभर पाणी ओतायचं, म्हणजे वास पसरत नाही. तरी गेटबाहेर चार-पाच कुत्रे बसायला लागले. वॉचमनकाकांना आधीच सांगून ठेवलं होतं. गेट उघडं राहणार नाही याची त्यांनी काळजी घेतली.

एक मात्र नीट समजून घ्या. साधारण नऊ-दहा दिवसांनी रक्ताचा रंग फिका होतो, गुलाबी, मग पिवळसर. लोकांना वाटतं, संपलं. गर्भ राहण्याचा खरा काळ तिथे सुरू होतो. तोवर नराला हुसकावणारी मादी तेव्हा शेपटी बाजूला करून उभी राहते. आमचा तो काळ नेमका विसर्जनाच्या आठवड्यात आला. १७ तारखेला संध्याकाळभर नवरा तिच्याजवळ खोलीत बसून होता, दार लावून. तो मिरवणुकीला गेला नाही. आणखी एक धोका असतो: भटक्या कुत्र्यांमध्ये जननेंद्रियांवर होणारी एक संसर्गजन्य गाठ आपल्याकडे बरीच आढळते, ती संबंधातून पसरते. इंजेक्शनांनी बरी होते, पण आठवडेच्या आठवडे जातात. नर पाळणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवावं.

माजात किंवा माजानंतर लगेच शस्त्रक्रिया करत नाहीत, कारण त्या भागातल्या रक्तवाहिन्या फुगलेल्या असतात. दोन-अडीच महिने थांबायला सांगितलं. दिवाळीच्या सुमारास बदामी वेगळीच वागू लागली. मुलाचा एक मोजा उचलून तिने पलंगाखाली नेला, त्याच्याभोवती अंग वळवून बसली, त्याला चाटायची. कुणी जवळ गेलं की हळू गुरगुरायची. स्तन थोडे सुजले होते. आम्ही घाबरलो: कधी, कुठे चूक झाली? डॉक्टरांनी सोनोग्राफी केली, पोटात काही नव्हतं. याला खोटं गर्भारपण म्हणतात. माजानंतर सहा ते नऊ आठवड्यांनी माद्यांमध्ये होतं आणि बहुधा दोन-तीन आठवड्यांत आपोआप जातं. स्तनांना हात लावायचा नाही, शेक द्यायचा नाही, नाहीतर दूध वाढतं. मोजा तिच्या नकळत काढून घ्यायचा आणि फिरण्या-खेळण्यात गुंतवायचं. सासूबाईंना मात्र तो मोजा काढवेना. शेवटी मुलानेच काढला.

डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात शस्त्रक्रिया झाली. आधी रक्ततपासणी, पंधराशे. शस्त्रक्रिया, भूल, औषधं मिळून नऊ हजार. नराला तिथेच पाच-साडेपाच हजार सांगत होते. प्राणिसंस्थांच्या केंद्रांत याहून बऱ्याच कमी पैशांत होतं. पैशांची अडचण असेल तर तिथे जरूर चौकशी करा, फक्त रक्ततपासणी टाळू नका. आदल्या रात्री नऊनंतर खाणं बंद. सकाळी सोडली, संध्याकाळी घरी आली, भुलीत कण्हत होती. ती रात्र मी जमिनीवर तिच्याशेजारी काढली. दुसऱ्या दिवशी दुपारी तिने दहीभात खाल्ला आणि शेपटी हलली.

टाके निघेपर्यंत दहा-बारा दिवस. आंघोळ नाही, जिना नाही, सोफ्यावर उडी नाही. गळ्यातल्या प्लास्टिकच्या कोनाने ती भिंतींवर आपटत होती, म्हणून मुलाचा जुना टी-शर्ट घालून मागे गाठ मारली. त्याने टाके झाकले गेले आणि ती शांत झोपली. टाक्यांजवळ सूज, पाणी किंवा वास येतोय का ते रोज दोनदा बघायचं.

नसबंदीनंतर वजन पटकन वाढतं, त्यामुळे खाणं थोडं कमी केलं. काही माद्यांना, विशेषतः मोठ्या जातींच्या, पुढे झोपेत लघवी गळण्याचा त्रास होऊ शकतो. त्यावर औषध आहे. आमच्याकडे तसं काही झालेलं नाही. स्वभाव तर तसूभरही बदलला नाही. दारावरची बेल वाजली की भुंकते, कुकरची शिट्टी झाली की स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी येऊन बसते.

आता ओळखीतलं कुणी "नर घेऊ की मादी?" विचारतं तेव्हा मी उलट विचारते: नसबंदीचे पैसे आणि त्यासाठीचे पंधरा दिवस बाजूला काढलेत का? काढले असतील तर मादीला नाही म्हणायचं कारण मला तरी दिसत नाही. काढले नसतील तर नरही आणू नका, कारण त्याची पिल्लं तुमच्या दारात होत नाहीत, दुसऱ्या कुणाच्या तरी दारात होतात.

मार्चमध्ये खालच्या मजल्यावरच्या कुटुंबाने त्याच ताईंकडून पिल्लू आणलं. नर आहे. बघायला जाताना त्यांनी सासूबाईंना सोबत नेलं होतं.